खंडेनवमीची साफसफाई

हरिभाऊंना घाण खपत नसे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटासा गाळा होता. आजूबाजूच्या गाळ्यांच्या दारात लोखंडाचा चुरा आणि काळं तेल यांचा चिखल, पण हरिभाऊंच्या गाळ्यात शिरताना माणूस आपोआप चपला काढायचा. कुणी नाहीच काढल्या तर हरिभाऊ तोंडाने काही बोलत नसत, नुसते त्याच्या पायांकडे बघत राहत. तेवढ्याने काम व्हायचं.

अशा माणसाची खंडेनवमी काय वर्णावी! हत्यारांची पूजा म्हणजे इतर लोक मशीनवरून फडकं फिरवतात, झेंडूची माळ चढवतात, पेढे वाटतात आणि दुपारी घरी जाऊन ताणून देतात. हरिभाऊ रॉकेलचं घमेलं घेऊन मांडी ठोकून बसायचे. एकेक पाना, एकेक कटर, एकेक स्क्रू त्यात बुडवून, ब्रशने घासून, पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर ओळीने लागायचा. मग हळदकुंकू, मग अक्षता, मग नारळ. जन्मभर लेथवर टर्नरकी केली, ती या पाटाच्या जोरावर, असं ते म्हणायचे आणि ते त्यांना खरंच वाटायचं.

पण दोन हजार सात सालच्या या नवमीला त्यांच्या मनाला घोर लागला होता. गाळ्यात काम उरलं नव्हतं. मोठी गिऱ्हाइकं एकेक करून गुजरातेत गेली होती. प्लॅस्टिकच्या बरण्यांचा एक व्यापारी गोडाऊनसाठी जागा शोधत होता, आणि दिवाळीनंतर गाळा तुमचा, असं हरिभाऊ त्याला जवळजवळ बोलून चुकले होते. जवळजवळ एवढ्यासाठी, की अजून एक आशा होती. तिचं नाव सॅन्टन.

सॅन्टन पश्चिमेकडच्या वाड्यांमधला. केळीच्या आणि फुलांच्या बागांना पाणी देणारे पंप तो बनवायचा. पंपाच्या पोटात फिरणारं पात्यांचं चाक, ज्याला इम्पेलर म्हणतात, ते त्याला बाहेरून करून हवं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो स्वतः येणार होता. डोळ्यांदेखत एक चाक कापून दाखवा, पंपात बसलं तर वर्षभराचं काम तुमचं, असा साधा सरळ करार होता. बसलं नाही तर गाळ्यात बरण्या.

आणि हे चाक हाताने होण्यातलं नव्हतं. पाती वळणाची, प्रत्येक पातं दुसऱ्यासारखं. ते करायचं गाळ्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मिलिंग मशीनने.

या मशीनचा इतिहास सांगायलाच हवा. हरिभाऊंनी ते जुनं घेतलं होतं, आणि घेतल्यावर काही महिन्यांतच त्याला हुकूम देणारा कंट्रोल जळला. नवा कंट्रोल घ्यायचा तर मशीनपेक्षा महाग. मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं. त्याच वर्षी त्यांच्या मुलाचं, निमिषचं, लग्न झालं आणि घरात सून आली. मेघना चंदनसारची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, गोरेगावला टूलरूममध्ये काम केलेली. सासरी येऊन महिना झाला नाही तोच तिने ताडपत्री उचलून खाली बघितलं. “बाबा, मोटारी चांगल्या आहेत हो ह्याच्या. फक्त डोकंच गेलंय.”

“मग? डोकं कुठून आणणार?”

“बसवू.”

तिने एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात फुकट मिळणारी लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि मशीन चालवणारं एक पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्राम, टाकलं, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर हरिभाऊंनी नाक मुरडलं. फुकटचं ते पौष्टिक, असं टोचूनही बोलले. पण एक दिवस मशीन सुरू झालं आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर कटर असा फिरला की हरिभाऊ स्टूल ओढून तिथेच बसले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. तोंडाने मात्र ‘बरं आहे’ एवढंच म्हणाले. कौतुक करायला त्यांची जीभ लवकर वळत नसे.

तर नवमीचा शनिवार. मेघना माहेरी, तिकडे घट उठायचे होते म्हणून. निमिष मुंबईला एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता, त्याला सुट्टी होती, तो वडिलांच्या मदतीला आला होता. हत्यारं झाली, लेथ झालं, मिलिंग मशीन झालं. राहिला कॉम्प्युटर. हरिभाऊंनी त्याच्यावरून ओलं फडकं फिरवलं, की-बोर्ड उलटा करून झटकला, आणि तरीही त्यांचं समाधान होईना.

“निमिष, बाहेरून झाला. आतून?”

“आतून म्हणजे?”

“म्हणजे आत काही साठत नाही का याच्या? जळमटं, केरकचरा?”

निमिषला कॉम्प्युटर येत होता तो ऑफिसपुरता. पण बायको काळ्या पडद्यावर काय टाइप करते ते त्याने खांद्यावरून बरेचदा पाहिलं होतं, आणि नवऱ्याला एवढं ज्ञान पुरतं असं नवऱ्यांना वाटतं. तो बसला. “करतो की. सगळं नवंकोरं करतो आणि जुनं पुसून टाकतो.” त्याने पॅकेजेस आणणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्ट-गेट नावाच्या प्रोग्रामला सगळी पॅकेजेस नवी करायचा हुकूम दिला. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट रांगत होतं, त्यामुळे वेळ लागला. मग जुनं जे निरुपयोगी म्हणून दाखवलं ते काढलं, आणि शेवटी ‘क्लीन’ लिहून साठवणीची खोलीही धुऊन काढली. पडद्यावर सगळं सुरळीत झाल्याचं आलं. बापलेक खूश झाले.

मेघनाने ड्रॉवरमध्ये एक सीडी ठेवली होती. मशीनचं सगळं शहाणपण हिच्यात आहे, असं ती एकदा म्हणाली होती. हरिभाऊंनी तीसुद्धा पाटावर मांडली. चकाकती बाजू वर, कारण देवाचं तोंड वरच असतं. तिच्यावर मधोमध कुंकवाचं बोट ओढलं आणि अक्षता टाकल्या.

सोमवारी सकाळी सासरा-सून आचोळ्याच्या घरून स्कूटरवर गाळ्यात आले. मेघनाने कॉम्प्युटर सुरू केला, मशीनचा प्रोग्राम उघडला. उघडला नाही. तिने परत उघडला. पडद्यावर इंग्रजी ओळींचा ढीग आला आणि खिडकी बंद झाली. तिने मशीनच्या मोटारींवर हात ठेवला. गार.

“काय झालं?” हरिभाऊंनी विचारलं. मेघना टाइप करत राहिली. मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, “कुणी हात लावला होता का ह्याला?”

हरिभाऊंनी सगळं सांगितलं. एकही गोष्ट निमिषवर ढकलली नाही. “मीच म्हटलं त्याला, आतून साफ कर म्हणून.”

मेघनाने निमिषला ऑफिसात फोन लावला. पलीकडून “अगं, चांगल्यासाठीच केलं!” एवढं हरिभाऊंनाही ऐकू आलं. “चांगल्यासाठी केलंस ते कळलं रे,” मेघना म्हणाली, “पण मला एक फोन करायला काय झालं होतं?” आणि तिने फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. तिने ओढणीने ते पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. हरिभाऊंना वाटलं, हिने आपल्यावर जरा तोंडसुख घेतलं असतं तर बरं झालं असतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आणि मारुती कसला, नुसता शेंदूर.

“हे नवं आलेलं परत जुनं करता येतं?” त्यांनी चाचरत विचारलं.

“येतं. पण जुनं मिळायला हवं. ह्याची एक साठवण असते, आलेलं प्रत्येक पॅकेज त्यात पडून राहतं. तिथे असतं तर पाच मिनिटांचं काम. ती तुम्ही धुतलीत.”

“आणि नवं का चालत नाही? नवं म्हणजे चांगलं ना?”

मेघनाने त्यांच्याकडे पाहिलं. “बाबा, इंची आट्याचा बोल्ट आहे. त्याला तुम्ही मिलिमीटरचा नट आणला. नवाकोरा, चकचकीत. बसेल?”

आता हरिभाऊंना सगळं कळलं. नटबोल्टमध्ये नवा-जुना नसतो, जोडीचा असतो, हे ते स्वतः शिकाऊ पोरांना ओरडून सांगत आले होते. आपल्याच गाळ्यात आपण जोड्या फोडल्या. आणि हिने ते आपल्याच भाषेत सांगितलं, याचं त्यांना त्या गडबडीतही नवल वाटलं.

“तीन तुकडे आहेत,” मेघना सांगू लागली. सांगताना तिचाही आवाज ताळ्यावर येत होता. “एक मशीन चालवणारं पॅकेज. त्याच्याखाली मोटारींचा ठेका सांभाळणारं. आणि सगळ्यात खाली कॉम्प्युटरचा गाभा, कर्नल. तिघं एकमेकांच्या मापाचे हवेत. शनिवारी वरचे दोन बदलले, खाली नवा आला आणि आपला जुना म्हणून काढूनच टाकला.”

तिने ॲप्टला विचारलं, या पॅकेजच्या कुठकुठल्या आवृत्त्या तुला मिळू शकतात. पडद्यावर यादी आली. वर नवी, तिच्याखाली जुनी, प्रत्येकीपुढे आकड्यांची लांबलचक शेपटी. “आहे!” ती म्हणाली. हरिभाऊंना त्या शेपट्या सारख्याच दिसत होत्या. मेघनाने एका शेपटीवर बोट ठेवलं. “ही आपली. शेवटच्या आकड्यात फरक आहे.” दोन सहस्रांश इंचाचा फरक बोटाने ओळखणाऱ्या हरिभाऊंनी मान डोलावली. ही भाषा त्यांना समजत होती.

तिने लिहिलं, ॲप्ट-गेट इन्स्टॉल, मग पॅकेजचं नाव, मग मध्ये जागा न सोडता बरोबरची खूण, मग तो शेपटीचा आकडा जसाच्या तसा. नाव दिलं की ते नवंच आणतं, ती म्हणाली. आकडा दिला की मुकाट्याने तेच आणतं. पण ॲप्टने मुकाट्याने आणलं नाही. ह्याला अमुक आवृत्तीचं दुसरं हवं, ते बसणार नाही, म्हणून नकार दिला.

“हट्टी दिसतं,” हरिभाऊ म्हणाले.

“हट्टी नाही, बरोबर आहे त्याचं. मी एकालाच बोलावलं. जेवायला बोलवायचं तर जोडीने बोलवायला नको?” तिने त्याच ओळीत दुसऱ्याचं नाव आणि आकडा जोडला. पुन्हा नकार, आता कर्नलसाठी. तिने कर्नलच्या आवृत्त्या विचारल्या. यादीत नवीच होती. जुनी नव्हती.

“संपलं?” हरिभाऊंनी विचारलं.

“ती बनवणाऱ्यांनी साइटवरून काढून टाकलीय.” मेघना उठली आणि ड्रॉवर उघडला. ड्रॉवर रिकामा. “बाबा, सीडी?”

हरिभाऊ पाटाकडे धावले. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्यांखाली सीडी होती, चकाकत्या अंगावर कुंकवाचा वाळलेला फराटा घेऊन. मेघनाने ती हातात घेतली, उजेडात धरली आणि हसावं की रडावं हे तिला कळेना. “बाबा, ही बाजू वाचायची असते.”

नेमका त्याच वेळी सॅन्टन आला. हातात पिशवी, पिशवीत पंपाचं उघडं कवच. दारात चपला काढून तो आत आला आणि गार पडलेल्या मशीनकडे, मग दोघांच्या चेहऱ्यांकडे बघू लागला. “काय हरिभाऊ, मशीन बंद काय? मी यायला लवकर झालो का?”

हरिभाऊ खोटं बोलू शकले असते. लाइट गेली होती म्हणाले असते, तर वसईत त्या दिवसांत कुणीही विश्वास ठेवला असता. “माझ्यामुळे बंद आहे, सॅन्टन,” ते म्हणाले. “मी कॉम्प्युटर आतून साफ करायला लावला. ही बघतेय. बसा.”

“मग कोन दुरुस्त करनार? मानूस बोलावलाय का कोनी?”

“माणूस इथेच आहे. बसा म्हणतो ना.” शेवटचे शब्द जरा जोरातच निघाले. सॅन्टनने भुवया उडवल्या आणि स्टूलवर बसला.

मेघना ओढणीचं टोक सीडीकडे नेत होती, तेवढ्यात हरिभाऊंनी तिचा हात अडवला. “ओढणी नको. आण इकडे.” हे त्यांचं काम होतं. मापाच्या ठोकळ्यांसाठी ठेवलेलं मलमलचं धुतलेलं फडकं त्यांनी काढलं, साबणाचं पाणी केलं, सीडी कडेने धरली आणि कुंकू आधी भिजू दिलं. घाई केली तर कुंकवाच्या दाण्यांनीच चरे पडतात. मग मधून बाहेर, मधून बाहेर असं सरळ पुसत गेले, गोल एकदाही नाही. मेघना बघत राहिली. “गोल पुसायचं नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? रेघा गोल आहेत तिच्या. रेघेच्या बाजूने चरा पडला तर अख्खी रेघ जाईल. आडवा पडला तर एवढंसं तुटेल.”

मेघनाने सीडी घेतली आणि ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला. सॅन्टननेही मान पुढे काढली होती. तिने ॲप्टला सांगितलं, ही सीडी हेही एक दुकान समज, आणि कर्नलच्या आवृत्त्या पुन्हा विचारल्या. नवीच्या खाली एक जास्तीची ओळ आली होती.

“आली,” ती म्हणाली.

आता तिने एकाच ओळीत तिन्ही नावं लिहिली, तिघांचे आकडे लिहिले, शेपटीतला प्रत्येक ठिपका आणि आडवी रेघ पडद्यावरून पुन्हा पुन्हा ताडून पाहत. हरिभाऊंना आठवलं, चांगला टर्नर शेवटचा काप घेण्याआधी मायक्रोमीटर असाच परत परत लावतो. आपल्याला मापाची शंका नसते, मापाचा मान ठेवायचा असतो. तिने एंटर दाबलं. ॲप्ट या वेळी अडलं नाही. त्याने फक्त बजावलं, वरची दोन पॅकेजेस तुम्ही खालच्या आवृत्तीवर नेताय, डाउनग्रेड होतील, पुढे जायचं का?

“खाली नेतोय म्हणतं,” हरिभाऊ कुजबुजले.

“म्हणू दे,” मेघना म्हणाली आणि ‘वाय’ दाबलं.

ओळी पळू लागल्या. वरची दोन तारेवरून येत होती, कर्नल सीडीवरून. सीडीचा ड्राइव्ह मध्येच अडखळला तेव्हा तिघांचाही श्वास अडखळला. मग तो पुढे गेला. मेघनाने कॉम्प्युटर बंद करून परत लावला, सुरू होताना जुना कर्नल निवडला, आणि मशीनचा प्रोग्राम उघडला.

उघडला. तिने एक बटण दाबलं आणि मशीनच्या तिन्ही मोटारी हुंकारल्या. टेबल सरकून आपल्या शून्यावर जाऊन उभं राहिलं.

हरिभाऊ तोंड फिरवून उगाच कटर थंड ठेवायच्या कुलंटचा डबा शोधू लागले, जो त्यांच्या पायाशीच होता. मेघना मात्र अजून कीबोर्डवरच होती. तिने त्या तिन्ही पॅकेजेसवर ‘होल्ड’ लावला. आता कुणी सगळं नवं करायला निघालं तरी ही तिघं जागची हलणार नव्हती. ते झाल्यावरच ती उठली आणि पितळेचा तुकडा शिकंज्यात बांधला.

चाक कापायला बराच वेळ गेला. सॅन्टन आधी स्टूलवर होता, मग उभा राहिला, मग मशीनच्या काचेला नाक लावून बसला. पात्यामागून पातं वळण घेत धातूतून वर येत होतं. हरिभाऊंनी आयुष्यात शेकडो चाकं कापली होती, पण असं वळण त्यांच्या हाताने कधी निघालं नव्हतं, आणि निघालं नसतं. हे त्यांना त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. उलट छातीत काहीतरी फुलल्यासारखं झालं. ही माझ्या घरातली पोर आहे, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

सॅन्टनने गरम चाक फडक्यात धरलं, पंपाच्या कवचात बसवलं आणि बोटाने टिचकी मारली. चाक कुठेही न घासता फिरत राहिलं. त्याने परत टिचकी मारली.

“पुढच्या आठवड्यात पितळ पाठवतो,” तो म्हणाला. “पानी चढलं नाही तर परत आनीन, सांगून ठेवतो. पन चढेल.” आणि मेघनाकडे वळून, “पोरी, ते साफ करायला दिलं ना यांनी, ते चांगलं झालं. तू काय करतेस ते माला बघायला मिळालं.”

तो गेला तेव्हा हरिभाऊंचा मोबाइल वाजला. बरण्यांचा व्यापारी होता. दिवाळी तोंडावर आली, गाळ्याची मापं घ्यायला माणूस पाठवू का, असं विचारत होता.

“नका पाठवू,” हरिभाऊ म्हणाले. “गाळा द्यायचा नाही.”

पलीकडचा माणूस चिडला. तो बरंच बोलत होता आणि हरिभाऊ फोन कानापासून जरा लांब धरून ऐकत होते. तुमचं वय झालं, मुलगा तुमचा नोकरीत, मग कारखाना चालवणार कोण, असं त्याचं म्हणणं होतं.

“सून चालवते,” हरिभाऊ म्हणाले. “मी तिच्या हाताखाली असतो.”

त्यांनी फोन बंद केला. मेघना शिकंजा सोडत होती. तिने ऐकलं होतं की नाही ते कळलं नाही, कारण तिने मान वर केली नाही. हरिभाऊ तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

“बोल,” ते म्हणाले. “कुठला पाना देऊ?”